पेनड्राइव्हमधून उडालेली फाइल: परत कधी मिळते, कधी नाही आणि का

विंडोजमध्ये पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावरची फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट उडते. यूएसबीला लावायच्या बाहेरच्या हार्ड डिस्कचं मात्र सहसा तसं नसतं. विंडोज तिच्यावरच एक लपवलेला रिसायकल फोल्डर तयार करतं आणि डिलीट केलेल्या फाइल त्यात ठेवतं. म्हणून पैसे देऊन सॉफ्टवेअर घेण्याआधी ज्या लॅपटॉपवर फाइल उडवली त्याच लॅपटॉपला, त्याच लॉगिनने ती डिस्क परत लावा आणि डेस्कटॉपवरचा रिसायकल बिन उघडा. ‘त्याच’ म्हणण्याला कारण आहे. लपवलेल्या फोल्डरमध्ये प्रत्येक युजरचा वेगळा कप्पा असतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर उडवलेली फाइल घरच्या कॉम्प्युटरच्या बिनमध्ये दिसत नाही, पण डिस्कवर ती असते. शिफ्ट दाबून डिलीट केलं असेल किंवा फाइल बिनच्या मर्यादेपेक्षा मोठी असेल, तर हा मार्ग बंद.

मॅकवर पेनड्राइव्हलाही स्वतःचा ट्रॅश असतो. मॅकवर ‘उडवलेल्या’ फाइल ट्रॅश रिकामा करेपर्यंत पेनड्राइव्हवरच पडून राहतात, जागाही मोकळी होत नाही. त्यामुळे तोच पेनड्राइव्ह पुन्हा मॅकला लावून ट्रॅश पाहणं हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक प्रकार वरचेवर घडतो. प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला आणि घरी आल्यावर पाहिलं तर सगळ्या फोल्डरच्या जागी बाण असलेले शॉर्टकट. इथे बहुतेक वेळा काहीच डिलीट झालेलं नसतं. व्हायरसने मूळ फोल्डरला हिडन आणि सिस्टीम असे दोन शिक्के मारलेले असतात आणि त्याच नावाचा शॉर्टकट वर ठेवलेला असतो. तो शॉर्टकट उघडू नका, उघडला की व्हायरस तुमच्या लॅपटॉपवर चालू होतो. फाइल एक्सप्लोररच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या फाइल दाखवा, ऑपरेटिंग सिस्टीमच्या संरक्षित फाइल लपवण्याच्या पर्यायावरची खूण काढा, आणि दिसलेला माल आधी दुसरीकडे कॉपी करा. शिक्के काढायला कमांड प्रॉम्प्टमधली ‘ॲट्रिब’ कमांड पुरते. पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा तो या सगळ्यानंतर.

यात फाइल सापडली नाही, तर मात्र ती खरंच डिलीट झाली आहे असं धरा. आणि तो पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवा.

डिलीट म्हणजे नेमकं काय होतं

डेक्कन क्वीनच्या चार्टवरून एखाद्याचं नाव खोडलं म्हणून तो माणूस सीटवरून गायब होत नाही; टीसी ती सीट दुसऱ्याला देतो तेव्हा त्याला उठावं लागतं. डिस्कवरही तेच. डिलीट केल्यावर नोंद खोडली जाते, माल तिथेच असतो. पण ती जागा आता मोकळी समजली जाते, आणि पुढची कुठलीही फाइल तिथे लिहिली जाऊ शकते. एकदा लिहिली गेली की जुना माल कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, मग ते कितीही महाग असो.

नोंद कशी खोडली जाते यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून ते जरा जवळून पाहू. डिस्कवर फाइलच्या नोंदी ठेवायच्या पद्धतीला फाइल सिस्टीम म्हणतात. ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डं साधारणपणे फॅट३२ पद्धतीची असतात, त्यापुढची एक्सफॅट. फॅट३२ मध्ये प्रत्येक फाइलची ३२ बाइटची एक नोंद असते. तिच्यात नाव, तारीख, आकार आणि फाइल कुठून सुरू होते तो क्लस्टर (डिस्कवरच्या जागेचा ठरावीक मापाचा तुकडा) लिहिलेला असतो. डिलीट केलं की नोंदीतला पहिला बाइट बदलून तिथे ‘ई५’ हा आकडा येतो, आणि तो बाइट म्हणजे नेमकं नावाचं पहिलं अक्षर. म्हणून रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याच्या फोटोंची नावं पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घेऊन येतात. लांब किंवा मराठी नावं वेगळ्या नोंदींत साठवलेली असतात आणि त्यांचा पहिला बाइट हा नुसता अनुक्रमांक असतो, त्यामुळे ती पूर्ण मिळतात.

खरं नुकसान नावाचं नसतंच. फाइलचे तुकडे कोणत्या क्रमाने कुठे आहेत याची साखळी फॅटच्या तक्त्यात असते, आणि डिलीट करताना ती पुसली जाते. उरतो फक्त सुरुवातीचा पत्ता आणि आकार. समजा ३२ केबीच्या क्लस्टरवर ८ एमबीचा फोटो आहे, म्हणजे २५६ क्लस्टर. ते सलग असतील तर सुरुवातीपासून २५६ मोजले की फोटो अख्खा मिळतो. मधले काही दुसरीकडे असतील, तर वरचा भाग बरोबर आणि खाली राखाडी पट्टा किंवा भलत्याच फोटोचा तुकडा. विंडोजवरून डिलीट केलं असेल तर आणखी एक खोच आहे. फॅट३२ वर विंडोज त्या सुरुवातीच्या पत्त्याचे वरचे दोन बाइटही शून्य करतं. उरलेल्या दोन बाइटमध्ये ६५,५३६ क्लस्टरपुरतेच पत्ते मावतात, म्हणजे ३२ केबीच्या हिशेबाने पहिले २ जीबी. त्यापुढच्या फाइलचा पत्ता चुकीचा निघतो. नाव दिसतं, आकार बरोबर असतो, पण फाइल उघडत नाही, याचं हे एक नेहमीचं कारण. एक्सफॅट जरा बरं: सलग असलेल्या फाइलवर तशी खूण असते, आणि डिलीट करताना नोंदीवरचा फक्त ‘वापरात’ हा बिट काढला जातो.

मोठ्या हार्ड डिस्क बहुधा एनटीएफएसच्या असतात, आणि डिलीट झालेल्या फाइलसाठी तीच सगळ्यात कनवाळू पद्धत. फाइलच्या नोंदीत तिचे सगळे तुकडे कुठे आहेत तेही लिहिलेलं असतं. डिलीट केल्यावर नोंदीवर ‘वापरात नाही’ एवढी खूण होते, तुकड्यांचे पत्ते सहसा तसेच राहतात. नाव, फोल्डर, तारखा सगळं परत मिळू शकतं. मात्र नवी फाइल आली की रिकाम्या झालेल्या जुन्या नोंदी आधी वापरल्या जातात. डिस्कवर ५०० जीबी मोकळी असली तरी दहा-वीस नव्या फाइलसुद्धा नेमक्या हव्या असलेल्या नोंदींवर बसू शकतात.

आता वाईट बातमी. बाहेरची डिस्क एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी) असेल आणि तिच्या यूएसबी डबीतली चिप ‘ट्रिम’ हा आदेश पुढे पाठवत असेल, तर एनटीएफएसवर डिलीट केल्याबरोबर विंडोज त्या एसएसडीला ‘ही जागा आता नको’ असं कळवतं. त्यानंतर तो भाग वाचला की नुसते शून्य मिळतात. पोर्टेबल हार्ड डिस्कमध्येही, ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर प्रकारातल्या काही डिस्क हाच आदेश पाळतात. साध्या पेनड्राइव्हला सहसा ट्रिम नसतं. म्हणजे स्वस्त पेनड्राइव्हवरून उडालेली फाइल परत मिळण्याची शक्यता महागड्या एसएसडीपेक्षा जास्त, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

फोनच्या आतल्या मेमरीचा विषय याहून लवकर संपतो. आजच्या अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट करून) साठवलेला असतो आणि फाइलसोबत तिची किल्लीही जाते. ‘फोनमधून उडालेलं परत आणा’ म्हणणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस. तिथेच पाहा. फोनमध्ये घातलेलं मेमरी कार्ड मात्र काढून कॉम्प्युटरवर तपासता येतं, फोनने ते एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर.

हात लावण्याआधी

कार्ड मोठ्या आकाराचं एसडी असेल किंवा मायक्रोएसडी ॲडॅप्टरमध्ये घातलं असेल, तर डाव्या कडेला नखाने सरकवायची एक इवलीशी पट्टी असते. ती खाली, ‘लॉक’कडे सरकवा. बहुतेक रीडर ती खूण मानतात आणि कार्डावर काही लिहीत नाहीत. पेनड्राइव्हला अशी सोय क्वचितच असते, म्हणून तो उगाच इकडेतिकडे लावत बसू नका. मॅक नुसती डिस्क लावल्यावरही शोधासाठी तिच्यावर सूची लिहायला घेतो. विंडोज आपला सिस्टीम फोल्डर तयार करतं. स्मार्ट टीव्हीला लावलात तर तोही एखादा फोल्डर टाकू शकतो. कॅमेऱ्यातलं कार्ड असेल तर पुढचा एकही फोटो त्यावर काढू नका. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर उभं राहून चुकून कार्ड फॉरमॅट केलंत, तर दुसरं कार्ड घाला. तेच कार्ड ‘आता काय, गेलंच’ म्हणून पुन्हा भरणं हाच जुने फोटो कायमचे घालवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुधा नोंदीच पुसतं, फोटो नाही. ‘लो लेव्हल फॉरमॅट’वर खूण केली असेल तर मात्र आशा फारच कमी. विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तरीही तसंच, कारण विस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्य लिहितं.

याच टप्प्यावर विंडोज दोन प्रश्न विचारतं, दोन्हींना नाही म्हणा. ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ हा पहिला. ‘डिस्कमध्ये गडबड आहे, तपासून दुरुस्त करू का’ हा दुसरा, आणि तो जास्त घातक, कारण तो मदतीसारखा वाटतो. दुरुस्ती म्हणजे चेकडिस्क. फाइल सिस्टीम सुसंगत करणं एवढंच त्याचं काम. न जुळणाऱ्या नोंदी ते कापून टाकतं आणि उरलेले तुकडे अनोळखी नावांनी एका फोल्डरमध्ये कोंबतं. तुमची फाइल त्या न जुळणाऱ्या नोंदींतच असू शकते.

इमेज घ्या, मग शोधा

जाणकार माणूस मूळ डिस्कवर शोध घेत नाही. आधी तो डिस्कची पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत हुबेहूब प्रत काढतो आणि शोध त्या प्रतीवर घेतो. तीच इमेज. ६४ जीबीच्या कार्डाची इमेज ६४ जीबीचीच होते, कार्डावर दोनच फोटो असले तरी, कारण आपल्याला ‘मोकळी’ जागाच हवी आहे. नेहमीची कॉपी-पेस्ट इथे निरुपयोगी. विंडोजवर एफटीके इमेजर हे फुकट मिळणारं साधन चालतं, त्यात ‘रॉ’ प्रकार निवडा. वेळेचा अंदाज असा: सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीची हार्ड डिस्क पावणेतीन तास घेते. तीच जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली, जिथे वेग ३५ एमबीच्या आसपास असतो, तर आठ तास. महावितरणच्या भरवशावर डेस्कटॉप चालवत असाल तर यूपीएस हवाच.

डिस्क मध्येच अडकत असेल, काही भाग वाचता येत नसेल, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. चांगला भाग आधी भराभर उचलायचा, खराब जागी न थांबता पुढे जायचं, आणि त्या जागांचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून शेवटी परतायचं, अशी त्याची रीत. काम मध्येच थांबलं तरी नकाशावरून पुढे सुरू होतं. इमेज आणि परत मिळालेल्या फाइल, दोन्ही वेगळ्या डिस्कवर. त्याच पेनड्राइव्हवर रिकव्हर करणं म्हणजे शोधत असलेल्या मालावरच लिहिणं.

आता सॉफ्टवेअर. इथे लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, आणि खरं तर फरक इथेच सर्वांत कमी पडतो. सगळी सॉफ्टवेअर दोनच गोष्टी करतात: उरलेल्या नोंदी वाचणं, किंवा नोंदी सोडून फाइलच्या सुरुवातीची खूण शोधणं. नोंदी शाबूत असतील तर टेस्टडिस्क फुकट आहे. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये पार्टिशन निवडून ‘अनडिलीट’ घेतलं की उडालेल्या फाइलची यादी येते. काळा पडदा आणि बाणांनी फिरायचं, एवढाच त्रास. विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून पुढे मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरीही चालतं. एनटीएफएसवर नुकतंच उडालं असेल तर त्याचा ‘रेग्युलर’ मोड, फॅट किंवा एक्सफॅट असेल तर ‘एक्सटेन्सिव्ह’.

नोंदी गेल्या असतील तर फोटोरेक. प्रत्येक जेपीजी फाइल ‘एफएफ डी८ एफएफ’ या तीन बाइटनी सुरू होते. पीडीएफ, वर्ड, व्हिडिओ यांच्याही अशा खुणा आहेत. फोटोरेक अख्खी डिस्क वाचत या खुणा शोधतं. डिलीट झालेलंच हवं असेल तर ‘फ्री’ निवडा, फॉरमॅट झालेल्या कार्डासाठी ‘होल’. मूळ नावं आणि फोल्डर मिळणार नाहीत; आकड्यांच्या नावांच्या फाइल ५००-५०० च्या फोल्डरमध्ये येतील. फोटोंची तारीख फोटोच्या आतच असते, त्यावरून लावून घेता येतात. वर्डची फाइल कधी झिप म्हणून येते, कारण आतून ती झिपच असते. फाइलच्या नावाचं शेवटचं आडनाव (एक्स्टेन्शन) बदलून डॉकएक्स केलं की उघडते.

पैसे देऊन घ्यायचं असेल तर फुकट आवृत्तीने आधी स्कॅन करा आणि प्रिव्ह्यू पाहा. यादीत नाव आहे, शेजारी ‘उत्तम स्थिती’ असा हिरवा ठिपका आहे, याचा अर्थ फाइल आहे असा नाही. नोंद आहे एवढाच. शंका आली तर मिळालेल्या शंभरेक फोटोंचं फोल्डर झिप करून पाहा. जेपीजी आधीच दाबलेली असते, झिपमध्ये फारशी लहान होत नाही. ५०० एमबीचं फोल्डर झिप होऊन काहीशे केबीवर आलं, तर आत नुसते शून्य आहेत आणि ट्रिमने काम केलेलं आहे. दुसरं सॉफ्टवेअर घेऊन त्यात बदल होणार नाही.

व्हिडिओ हा सगळ्यात हट्टी प्रकार. फाइल मोठी, त्यामुळे तुकडे होण्याची शक्यता जास्त. शिवाय बरेच कॅमेरे एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात. ती मिळाली नाही तर ४ जीबीची फाइल असूनही प्लेअर उघडत नाही. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला दुसरा धड व्हिडिओ नमुना म्हणून दिला तर ‘अनट्रंक’सारखी साधनं अनुक्रमणिका नव्याने बांधायचा प्रयत्न करतात. लग्नाचे फोटो कॅमेऱ्याच्या रॉ प्रकारात (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल; इमेजच्या ‘रॉ’शी याचा संबंध नाही) काढणाऱ्यांना थोडा दिलासा आहे: रॉ फाइलच्या पोटात बहुधा एक जेपीजी प्रिव्ह्यू असतो. बाकीची रॉ खराब झाली तरी तो निघू शकतो, आणि काही कॅमेऱ्यांत तो पूर्ण आकाराचा असतो. मंगलाष्टकांचे फोटो अल्बमपुरते तरी वाचतात.

आवाज येत असेल तर

डिस्क टक-टक करत असेल तर वरचं काहीही करू नका. एकदाच, दुसऱ्या केबलने, हबशिवाय थेट पोर्टला लावून पाहा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००, आणि वीज कमी पडली तरी तसाच आवाज येतो. तरीही टकटक राहिली तर काढून ठेवा. डिस्कमधला वाचणारा-लिहिणारा हेड फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतो. धुळीचा साधा कणही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. अशी डिस्क स्वच्छ कक्षातच उघडतात. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो, तो ऐकला तर आत दव धरतं. हिरवी सर्किटची पाटी दुसऱ्या डिस्कवरून काढून लावणंही बहुधा चालत नाही, कारण तिच्यावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं साठवलेली असतात.

टिळक रोडवर किंवा तापकीर गल्लीच्या आसपास चौकशी केली तर ‘डेटा काढून देतो’ म्हणणारं कोणी ना कोणी भेटतंच. काम कोण करणार ते आधी विचारा: इथेच होतं का पुढे पाठवतात, शोध इमेजवर घेतात का थेट डिस्कवर, डिस्क उघडावी लागली तर कुठे उघडतात. इमेजचं नाव काढल्यावर समोरचा गोंधळला तर डिस्क परत घ्या. पैसे देण्याआधी फाइलची यादी आणि दोन-चार फाइल उघडून दाखवायला सांगा, तपासणीची फी आणि डेटा मिळाला नाही तर काय, हे पावतीवर लिहून घ्या. पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर हवा, ‘एक हार्ड डिस्क’ एवढं पुरत नाही. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क असेल तर पासवर्ड किंवा रिकव्हरी की लागतेच, ती आधी शोधून ठेवा. आधार, पॅन, बँकेचे स्कॅन त्यात असतील तर काम झाल्यावर त्यांच्याकडची इमेज पुसल्याचंही लिहून मागा.

काम चालू असताना बाकीच्या जागाही चाळून घ्या. प्रोजेक्टची पीडीएफ प्रिंटसाठी मेल केली असेल, फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले असतील तर मूळ दर्जाचे समोरच्याकडे असतील, अल्बम छापणाऱ्या लॅबकडे निवडलेले फोटो असू शकतात. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. आणि माल हाती आला तरी मूळ पेनड्राइव्ह लगेच फॉरमॅट करू नका. सगळ्या फाइल उघडून, व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून पाहा, मगच तो पुन्हा वापरात घ्या.